रविवारचा आवाज

१

"तुम्ही मायलेकी उगाच भांडताय," टेबलापलीकडच्या बाई संगणकावरची नजर न काढता म्हणाल्या. "विवाहितही नाही आणि विभक्तही नाही. इथे विधवा असं येतंय."

कर कचेरीच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या कोपऱ्यात, ज्येष्ठांची विवरणपत्रं भरून देण्यासाठी एक टेबल मांडलेलं असे. धाकटीने अर्ध्या दिवसाची रजा टाकून आईला तिथे आणलं होतं. आईचं वय त्र्याहत्तर, उत्पन्न बेताचं, घर भाड्याचं. नवऱ्यापासून वेगळी राहणारी ज्येष्ठ स्त्री म्हणून तिला भाड्यावरचा परतावा मिळायला हवा होता, पण कोणी अर्जच केला नाही म्हणून तो आजवर बुडत आला होता. काम तसं सोपं होतं. 'विभक्त' या चौकोनात एक खूण करायची, सही करायची, घरी जायचं.

पण रांगेत उभं राहिल्यापासून आई हटून बसली होती. विभक्त लिहायचं नाही. विवाहित लिही.

"अगं, बाबा घर सोडून गेले त्याला अकरा वर्षं झाली," धाकटी दातओठ खात म्हणाली होती. "विवाहित लिहिलं तर त्यांचं उत्पन्न तुझ्यात धरतील. परतावा हातचा जाईल."

"जाऊ दे गेला तर. हे परत येणार आहेत."

आणि आता हे तिसरंच.

आईला आधी नीट ऐकू गेलं नाही. बाईंनी पुन्हा सांगितलं तेव्हा ती चक्क हसली. "अहो बाई, तुमच्या यंत्राला म्हातारचळ लागलाय. परवा रविवारीच तर बोलले मी ह्यांच्याशी!"

"असेल चूक," बाई समजुतीने म्हणाल्या. "मग त्यांना इथे समक्ष घेऊन या, मी नोंद दुरुस्तीला पाठवते. नाहीतर नोंदणी कचेरीतून मूळ दाखला काढा. तो पत्नीनेच मागायचा असतो."

"जित्या माणसाचा मृत्यूचा दाखला मी मागू? जीभ झडेल माझी." आई पिशवी सावरत उठली आणि तरातरा दाराकडे निघाली.

धाकटी कागद गोळा करू लागली तशी बाईंनी आवाज खाली आणला. "चूक असेल असं म्हणाले मी, आजींसमोर. पण नाव, जन्मतारीख, करक्रमांक, तिन्ही जुळतंय. अशी चूक मी तरी कधी पाहिली नाही. महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. तुमचे वडील शोधा."

२

आईच्या दोन खोल्यांत शिरल्या शिरल्या धाकटीने वडिलांचा नंबर फिरवला. कित्येक वर्षांत फिरवला नव्हता. ते गेले तेव्हा तिने आईची बाजू घेतली होती आणि त्या दिवसापासून बापलेकीत अबोला होता. घंटा वाजत राहिली आणि आपोआप बंद झाली.

"रविवारशिवाय नाही उचलत," आई पातेलं धुता धुता म्हणाली. "रविवारी सहाच्या ठोक्याला फोन येतो."

"कधीपासून?"

"हिवाळ्यापासून. त्याआधी आपलं कामापुरतं. मी काही विचारलं की हं, हं, आणि दिला ठेवून. आता बदललेत गं. माणूस उतारवयात मऊ होतो बघ."

"बोलता तरी काय?"

आई नव्या नवरीसारखी थोडी लाजली. त्र्याहत्तराव्या वर्षी तिच्या चेहऱ्यावर ते पाहून धाकटीला कसंतरीच झालं.

"काय बोलणार? जेवलीस का, गुडघा कसा आहे. लक्ष केवढं असतं म्हणून सांगू! मागच्या खेपेला मी बोलण्यात गुंग, तर हेच म्हणाले, अगं, तुझं ते गजराचं घड्याळ वाजतंय, गॅसवर काय ठेवलंयस ते बघ आधी. भाजी करपायची वाचली. मला तर ते वाजलेलं कळतही नाही हल्ली." मग ती थांबली. नळ बंद केला. "आणि एकदा मी विचारलं. इतक्या वर्षांत कधी वाटलं का तुम्हाला, की चुकलं? तर किती वेळ गप्प. मला वाटलं, ठेवला फोन. मग म्हणाले, माझं चुकलं. चुकलंच माझं."

पदराने डोळे पुसून ती पुढे म्हणाली, "एवढ्या एका शब्दासाठी थांबले होते मी. आता त्यांना विभक्त लिहायला माझा हात धजत नाही."

 धाकटीच्या मनात एकच प्रश्न घोळत होता. चालत्या-बोलत्या माणसाला सरकारदरबारी मारून टाकण्यात कोणाचा काय फायदा?

आणि बाबा एवढे सुधारले असतील, तर ते आईला भेटायला एकदाही का आले नव्हते?

३

तिचा भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसाउजेडी तो कुठल्या ना कुठल्या गच्चीवरच्या यंत्रखोलीत सापडे. घरात त्याला सगळे थोरला म्हणत. धाकटी त्याला दादा म्हणायची. वडिलांशी संबंध ठेवून असलेला घरातला तो एकटाच.

ती सात मजले चढून गेली तेव्हा तो तेलाने माखलेल्या मोटारीपाशी उकिडवा बसला होता. तिने एका दमात सांगून टाकलं. कचेरीत काय झालं, नोंद काय म्हणते.

थोरल्याचा हात थांबला. त्याने चिंधीने एकेक बोट पुसलं. पुन्हा पुसलं.

"आईला काय वाटतंय?" त्याने विचारलं.

"तिला वाटतंय कचेरीने घोळ घातला. दादा, बाबा आहेत कुठे?"

तो उठला, दार लोटून घेतलं. "हे बघ चिमे, बोलू नकोस कुठे. बाबांनी कोणाकडून तरी पैसे उचलले होते. माणसं दारात यायला लागली. मग त्यांनी कोणाला तरी हाताशी धरून स्वतःचंच नाव मेलेल्यांत घालून घेतलं आणि गेले निघून. लांब कुठेतरी राहतात. मलाही नेमका पत्ता सांगत नाहीत."

"बाबांनी? ज्यांनी उभ्या आयुष्यात वाण्याकडेसुद्धा उधारी ठेवली नाही त्या बाबांनी?"

"माणूस बदलतो."

दोन दिवसांत हे ती दुसऱ्यांदा ऐकत होती.

"मग मी आईचा अर्ज कसा भरू?"

"लिहून टाक ना विधवा," थोरला पाठ फिरवून म्हणाला. "विधवेलाही परतावा मिळतोच की. थोडा जास्तच मिळत असेल. उगाच खणत बसू नकोस."

त्याचा आवाज बसका, ओढलेला होता. त्याच्याशी शेवटचं सविस्तर बोलणं कधी झालं होतं तेही धाकटीला आठवेना. हिवाळ्यापासून तो फोन उचलतच नसे, नुसते संदेश पाठवी.

जिना उतरताना चौथ्या मजल्यावर ती थांबली. बाप जिवंत असताना आईला विधवा लिहून टाक, असं कुठला मुलगा इतक्या सहज म्हणेल?

४

वडील भाड्याने राहत ती खोली दुसऱ्या मजल्यावर होती. तिथे आता एक शिकणारी मुलगी राहायला आली होती आणि जिन्याला नव्या रंगाचा वास येत होता. घरमालकीणबाईंनी धाकटीला दारातच आपादमस्तक न्याहाळलं.

"तुम्ही लेक होय? कधी दिसला नाहीत."

 धाकटीने सरळ विचारलं, बाबांकडे पैसे मागायला माणसं यायची का?

"त्यांच्याकडे?" बाईंना हसू आवरेना. "अहो, त्या माणसाच्या दारात पोस्टमनशिवाय चिटपाखरू फिरकलं नाही. भाडं कधी मागावं लागलं नाही. तिरसट होते, हे खरं. बोललं तर वसकन अंगावर यायचे. पण देणेकरी? छे!"

म्हणजे थोरला खोटं बोलला होता. कुठल्या खोटेपणावर पांघरूण घालायला, हे अजून कळायचं होतं.

"मग त्यांनी खोली सोडली कशी?"

"सोडली कुठे? हिवाळ्यात एका दुपारी छातीत कळ आली. मीच रुग्णवाहिका बोलावली. गेले ते गेले. मग आठवडाभरात तुमचे भाऊ सामान न्यायला आले. म्हणाले, बाबांना आता माझ्याकडेच ठेवतो. मी म्हटलं, बरं झालं." बाईंना काहीतरी आठवलं. "थांबा. पलंगाखाली एक डबी राहिली होती. तुमच्या भावाला दोनदा कळवलं, आले नाहीत. कामाची वस्तू दिसते म्हणून टाकवेना."

त्यांनी कपाटातून करड्या रंगाची छोटी डबी काढून दिली. उघडण्याआधीच धाकटीने ती ओळखली होती.

ती कान तपासायचं काम करायची. बंद खोलीत माणसाला बसवायचं, बारीक-जाड आवाज ऐकवायचे, कुठला ऐकू येतो आणि कुठला नाही ते बघून कानातलं यंत्र बसवून द्यायचं. वडिलांची यंत्रं तिनेच बसवली होती, घर फुटण्याच्या आदल्या वर्षी. त्यांच्या कानाचा साचा तिने स्वतःच्या हाताने घेतला होता. ते दोन्ही साचे डबीत शेजारी शेजारी पडले होते आणि आतल्या बॅटऱ्या फुटून हिरव्या पडल्या होत्या.

गावाला जाणारा माणूस छत्री विसरेल, चष्मा विसरेल. पण ज्याला यंत्राशिवाय समोरच्याचं बोलणं धड कळत नाही, तो माणूस आपले कान मागे ठेवून जाईल? आणि नवी यंत्रं करून घेतली म्हणावं, तर त्यासाठी जुनी तपासणी लागली असती. ती धाकटीच्याच दवाखान्यात होती. कोणी मागितली नव्हती.

ती रस्त्यावर आली. ऊन लख्ख होतं, माणसं भाज्या घेऊन घरी चालली होती, आणि तिला त्या भर दुपारी कळून चुकलं की कचेरीतली नोंद खरी आहे. बाबा गेले. हिवाळ्यातच गेले.

मग गेले आठ महिने दर रविवारी आईशी बोलत होतं कोण?

५

त्यांच्या घराण्यातल्या पुरुषांचा घसा एकच. लहानपणी फोन आला की "कोण बोलतंय?" हे विचारल्याशिवाय बाबा की काका ते कळत नसे. आई तर काकांशी हिशेबाचं काहीबाही बोलून जायची आणि मग जीभ चावायची.

काका म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ. दोघांनी सारा जन्म लोखंडी पत्रे कापण्याच्या एकाच कारखान्यात काढला. वडील घर सोडून गेले तेव्हा काकाच म्हणाले होते, "वहिनी, मी हे मोडलेलं जोडून दाखवीन." जोडून दाखवण्याची अशी एखादी तऱ्हा त्यांना सुचली असेल का?

धाकटीने त्यांच्या दारावरची घंटा दाबली. पुन्हा दाबली. आतून दिवा दिसत होता, पावलंही ऐकू येत होती, पण दार उघडेना. शेवटी तिने खिडकीच्या काचेवर थापा मारल्या तेव्हा तिची सावली बघून काका बाहेर आले.

"कोण?" ते म्हणाले. हुबेहूब बाबा. "अगं तू! ये. घंटा दाबलीस? मला नाही कळत. जरा मोठ्याने बोल, हां."

ती ओरडून बोलली. फोनवर आईशी बोलता का, विचारलं.

"फोन?" काका कानाशी हात नेत म्हणाले. "काढून टाकला गं. वाजलेला कळत नाही, समोरच्याचं ऐकू येत नाही, कशाला पोसायचा? कारखान्याने सगळ्यांचेच कान खाल्ले. तुझ्या बापाचे आधी, मग माझे." मग तिच्याकडे रोखून बघत, "बरा आहे ना तो? मागच्या वर्षी चिडून गेला तो परत आलाच नाही. त्याला म्हणावं, मी विसरलोय सगळं. ये म्हणावं."

 धाकटीने नुसती मान हलवली.

तेवढ्यात स्वयंपाकघरात किटलीची शिट्टी सुरू झाली, बारीक, कर्कश. कानाचे पडदे फाडणारी. काका शांतपणे बोलतच राहिले. भाऊ लहानपणी कसा हट्टी होता ते सांगत राहिले. शिट्टी त्यांच्यापर्यंत पोहोचतच नव्हती.

ती गॅस बंद करायला उठली आणि किटलीवर हात ठेवून तशीच उभी राहिली.

कारखान्यातल्या माणसांचे कान एका ठरावीक पद्धतीने जातात, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? जाड आवाज मागाहून जातात. बारीक आवाज सगळ्यात आधी जातात. पाखरं, शिट्ट्या, घड्याळाचे गजर. बाबांना यंत्र लावूनही आईच्या ओट्यावरचं ते टीटी करणारं घड्याळ कधी ऐकू आलं नव्हतं, आणि फोनवर बोलताना तर ते यंत्र काढून फोनचाच आवाज पूर्ण वाढवायचे. अन् आई काय म्हणाली होती? 'हेच म्हणाले, तुझं घड्याळ वाजतंय.' फोनच्या पलीकडून. आईला स्वतःला ऐकू आलं नाही ते!

हे वाक्य आईने तिच्या तोंडावर सांगितलं होतं, आणि रोज कान तपासून पोट भरणाऱ्या बाईने ते कानाआड केलं होतं.

रविवारी बोलणाऱ्या माणसाचा घसा त्यांच्या घराण्यातला होता, पण कान शाबूत होते. असा माणूस घराण्यात एकच उरत होता.

६

तरी तिला खात्री करायची होती. किंवा खरं सांगायचं तर, आपण चुकलो ठरावं असं वाटत होतं.

रविवारी दुपारी ती आईकडे जेवायला गेली. निघताना तिने मंद आचेवर भाजी चढवली आणि घड्याळाचा गजर सहा वाजून गेल्यावरचा लावला. "वाजलं की गॅस बंद कर," ती म्हणाली. आई हो म्हणाली, पण तिचं लक्ष फोनकडे होतं. तिने केस विंचरले होते. साडी बदलली होती.

थोरल्याची रविवारची पाळी एका मोठ्या कचेरीच्या इमारतीत असे. तिच्या मागच्या आवारात त्याची व्हॅन उभी होती. सुट्टीमुळे सगळीकडे सामसूम. धाकटी भिंतीच्या कडेने गेली आणि व्हॅनच्या मागच्या बाजूला उभी राहिली. पुढची काच अर्धी खाली होती.

सहा वाजले. आतून खाकरण्याचा आवाज आला. बाबा बोलायला सुरुवात करण्याआधी खाकरत तसा, दोनदा, दुसरा लांब.

"हं. मी बोलतोय. जेवलीस का दुपारी?"

धाकटीने भिंतीला हात टेकला. तिला माहीत होतं तो कोण आहे. तरी आत बाबाच बसले आहेत असं वाटत होतं. तोच घोगरेपणा. तेच शब्दाच्या शेवटी खाली उतरणं. फक्त हा माणूस मायेने बोलत होता. बाबा तसे कधीच बोलले नव्हते.

"गुडघ्याला शेक दे. हो. हो, येणार ना. बरं वाटू दे जरा... अगं, थांब. ते घड्याळ वाजतंय तुझं. ऊठ आधी, गॅस बघ."

ती पुढे झाली. थोरल्याने आरशात तिला पाहिलं. त्याच्या हातात फोन तसाच राहिला. तोंडावर अजून बाबांचीच मुद्रा होती, ओठ बाबांसारखेच एका बाजूला ओढलेले.

"ठेवतो आता," तो त्या आवाजात म्हणाला. मग फोन मांडीवर पडला आणि त्याचा स्वतःचा आवाज फुटला. "चिमे, मी सांगणार होतो गं."

ती शेजारच्या आसनावर बसली. बराच वेळ तो नुसता रडत होता.

"त्या दुपारी त्यांनी मला फोन केला होता," तो शेवटी म्हणाला. "मी लिफ्टच्या खड्ड्यात काम करत होतो. नाव बघितलं आणि म्हटलं, असेल नेहमीची कटकट. नळ गळतो, पंखा वाजतो. नाही उचलला. पुन्हा आला, पुन्हा नाही उचलला. मग आवाजच बंद करून ठेवला. काम आटोपून बघतो तर घरमालकीणबाईंचा निरोप. मी पोहोचलो तोवर ते गेले होते."

"आणि तू एकट्याने सगळं उरकलंस."

"कोणाला काय सांगणार? शेवटी मला हाक मारत होते आणि मी फोन बंद केला, हे?" त्याने नाक पुसलं. "दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन माझ्या खिशात वाजला. आई. तिला कसल्या तरी कागदावर त्यांची सही हवी होती. मी सांगायलाच उचलला, देवाशपथ. पण हॅलो म्हणताना घसा भरून आला, आणि ती म्हणाली, आवाज बसलाय का हो तुमचा? सर्दी झालीये का? इतक्या काळजीने म्हणाली चिमे. मी हो म्हटलं. एकदा हो म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं?"

"म्हणून आठ महिने?"

"ती आनंदात होती!"

"ती विवाहित लिहायला निघालीये," धाकटी म्हणाली. "ती साडी बदलून बसते दादा. तू तिला 'येणार' म्हणून सांगतोस. कोण येणार आहे?"

थोरल्याने मांडीवरचा फोन उचलून पालथा ठेवला.

"तिला सांगू नको. मरून जाईल ती."

"मी नाहीच सांगणार. तूच सांगशील. गाडी सुरू कर."

७

आईने दोघांना एकत्र दारात पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. "आत्ताच ह्यांचा फोन होता! जरा आधी आला असतात तर..."

थोरला खाली फरशीवर बसला. तिच्या पायांशी. बोलायला लागला तेव्हा मान वर केली नाही. खड्डा, फोन, रुग्णालय, दहन, दुसऱ्या दिवशीची सर्दी, सगळं सांगितलं. मधे मधे आईला ऐकू जाईना, मग धाकटी ते वाक्य मोठ्याने पुन्हा सांगे. ते करताना तिला आपण कोणाला तरी दगड मारतो आहोत असं वाटत होतं.

आई रडली नाही. तिने एकदाच मधे विचारलं, "खूप दुखलं का त्यांना?" थोरला म्हणाला, माहीत नाही. मी नव्हतो.

सगळं सांगून झाल्यावर खोलीत नुसता पंखा फिरत होता. आई खिडकीबाहेर बघत होती.

"ते जे म्हणाले," ती म्हणाली. मग तिने शब्द बदलला. "ते जे म्हणालास. माझं चुकलं, असं. ते कोणाचं होतं?"

थोरल्याने मान आणखी खाली घातली. "माझं. फोन न उचलल्याचं. मी त्यांनाच म्हणत होतो ते."

"आणि ह्यांनी? ह्यांनी कधी म्हटलं होतं तुझ्याजवळ? एकदा तरी?"

खोटं बोलायला एवढी सोपी, एवढी दयाळू जागा त्याला पुन्हा मिळाली नसती. 

"नाही," थोरला म्हणाला. "तुझं नावही काढत नसत."

आईने हळूच मान डोलवली, जणू कोणी भाव सांगितला आणि तो तिला आधीच माहीत होता.

"मी त्यांना माफ केलं रे," ती म्हणाली. "त्या रविवारी रात्रभर जागी राहून, एकेक आठवून, सगळं माफ केलं. आता ते परत कसं घ्यायचं ते सांग. कोणाकडून घेऊ?"

थोरला तिच्या पायाला हात लावायला गेला तसा तिने पाय मागे घेतला.

"जा तू," ती म्हणाली. "आज जा."

८

मृत्यूचा दाखला आईने स्वतः मागितला. कर कचेरीतल्या बाईंनी तो पाहून खुर्ची जरा पुढे सरकवली आणि अर्जातली ती जागा बोटाने दाखवली. आईने खूण केली, सही केली. परतावा मुदतीत मंजूर झाला, वर वडिलांच्या निवृत्तिवेतनातला पत्नीचा वाटाही सुरू झाला. कागदावर बघितलं तर तिचं भलंच झालं होतं. त्या दिवसांत ती फारशी जेवत नव्हती आणि फोनची तार तिने भिंतीतून उपटून ठेवली होती.

एका सकाळी तिने धाकटीला विचारलं, "अस्थी कुठे आहेत?"

धाकटीने थोरल्याला विचारलं. त्याने त्या नेल्याच नव्हत्या. दहनगृहात तशाच पडून होत्या.

"त्याला गाडी घेऊन यायला सांग," आई म्हणाली.

थोरला आला. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले.  दहनगृह गावाबाहेर होतं, एक बसकी इमारत, बाजूला सायकली लावायची जागा. आतला माणूस दाखला घेऊन मागे गेला आणि पत्र्याचा एक चौकोनी डबा घेऊन आला. त्याने तो टेबलावर ठेवला आणि तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. "कोण घेणार?"

धाकटीने हात पुढे केला.

"तू नको," आई म्हणाली. मग थोरल्याकडे न बघता, "तू उचल."

त्याने डबा दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरला. तो फार जड नसावा, पण थोरला जिना नसलेल्या त्या सपाट आवारातून पायऱ्या उतरत असल्यासारखा चालला. धाकटी चार पावलं मागे राहिली. आई त्याच्या बाजूने चालत होती, हातभर अंतर ठेवून.

व्हॅनपाशी येऊन तो थांबला. दोन्ही हात अडकलेले. मागचं सरकतं दार बंद होतं. डबा खाली ठेवायचा कुठे, जमिनीवर कसा ठेवायचा, त्याला कळेना. तो तसाच उभा राहिला आणि त्याचे खांदे हलू लागले.

आईने पुढे होऊन कडी ओढली. दार गंजलेलं होतं, तिला ते जड गेलं, पण तिने धाकटीला मदतीला येऊ दिलं नाही. सगळं उघडेपर्यंत ओढलं. थोरला आत चढायला वाकला.

"डोकं सांभाळ," आई म्हणाली.